तीन जोड्या आणि एक ॲम्प्लिफायर

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी अमळनेर येथे राहणारा निवृत्त शिक्षक असून जुनी नाट्यगीते, अभंग आणि अहिराणी गाणी ऐकण्याचा मला छंद आहे. आमचा हॉल 12 फूट रुंद आणि 22 फूट लांब आहे. त्याच्या एका टोकाच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे आणि दुसऱ्या टोकाला दार व ओटा आहे. स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीशी, दोन्ही कोपऱ्यांत, माझे 8 ओहमचे उंच स्पीकर अनेक वर्षे उभे आहेत. यंदा भुसावळच्या शालकांनी त्यांची 6 ओहमची लहान जोडी मला दिली, आणि बिघडलेल्या होम थिएटरचे 4 ओहमचे दोन डबे घरात पडून होते. मी उंच स्पीकर ॲम्प्लिफायरच्या ‘ए’ टर्मिनलला व शालकांची जोडी ‘बी’ला जोडली, आणि ‘बी’च्याच वायरींना पीळ घालून ते डबेही जोडले. शालकांची जोडी उंच स्पीकरांच्या शेजारी आतल्या बाजूला दीड फुटावर आहे, तर डबे ओट्याकडच्या भिंतीवर आहेत. माझी खुर्ची समोर नऊ-दहा फुटांवर असते. आवाज मोठा झाला, परंतु शब्द पूर्वीसारखे स्पष्ट येत नाहीत, खर्ज घुमतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने ॲम्प्लिफायर आपोआप बंद पडतो. तासाभराने पुन्हा सुरू होतो. दुरुस्ती करणाऱ्याने जास्त अँपिअरचा फ्यूज टाकण्यास सुचवले आहे. ॲम्प्लिफायरच्या मागे ‘ए किंवा बी : 4 ते 16 ओहम, ए अधिक बी : 8 ते 16 ओहम’ असे छापलेले आहे. स्वयंपाकघरात मात्र नुसते घुमणे ऐकू येते, शब्द एकही नाही, ही घरातली तक्रार वेगळीच. तिन्ही जोड्या एकत्र लावून आवाज सुधारता येईल काय? गल्लीतल्या मंडळाचे दोन कॉलम स्पीकरही माझ्याकडे ठेवायला दिलेले आहेत. ते ओट्यावर लावावेत काय?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

फ्यूजचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या गोष्टी आठवडाभर थांबल्या तरी बिघडणार नाही. जास्त अँपिअरचा फ्यूज कोणत्याही परिस्थितीत टाकू नये. आपला फ्यूज उडतच नाही. यंत्र तापते, स्वतःला बंद करून घेते आणि निवल्यावर पुन्हा चालू होते, म्हणजे आतली उष्णतेपासूनची संरक्षण व्यवस्था तिचे काम चोख करीत आहे. फ्यूज मोठा केला तर हे तापणे तिळमात्र कमी होणार नाही. मात्र पुढे कधी आत खरोखरच बिघाड झाला, तर त्या वेळी वितळायला हवा तो फ्यूज शाबूत राहील आणि त्याच्याऐवजी आउटपुटचे ट्रान्झिस्टर किंवा ट्रान्सफॉर्मर जळेल. पत्र मिळताच ‘बी’ टर्मिनलच्या सर्व वायरी काढून ठेवाव्यात, पिळाच्या जोडावर टेप गुंडाळावी, आणि पुढील मजकूर मग सावकाश वाचावा.

आता तापण्याचे कारण. दोन स्पीकर एकाच टर्मिनलवर लावले म्हणजे ते समांतर जोडणीत येतात, आणि समांतर जोडणीत एकूण रोध, म्हणजे ओहमचा आकडा, प्रत्येक स्पीकरच्या रोधापेक्षा कमी होतो, हे आपण वर्गात शिकवलेही असेल. आपल्या ॲम्प्लिफायरच्या प्रत्येक चॅनेलवर, म्हणजे डाव्या व उजव्या प्रत्येक बाजूवर, आज 8, 6 आणि 4 ओहम असे तीन स्पीकर समांतर आहेत. एकास आठ, एकास सहा आणि एकास चार यांची बेरीज करून ती उलटवली, तर उत्तर सुमारे 1.85 ओहम येते. मागच्या पट्टीवरची खालची मर्यादा 4 ओहम आहे. आवाजाच्या एका विशिष्ट क्षणी ॲम्प्लिफायर 10 व्होल्ट देत असेल, तर एकट्या उंच स्पीकरला तो सव्वा अँपिअर प्रवाह पुरवतो. तिन्ही जोडल्यावर त्याच क्षणी त्याला सुमारे 5.4 अँपिअर पुरवावे लागतात. आवाजाची खुंटी आपण फिरवलेलीही नसते, तरी आतल्या ट्रान्झिस्टरवरचा भार चौपटीहून अधिक झालेला असतो, आणि तो उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. शिवाय स्पीकरवर छापलेला ओहमचा आकडा हा नाममात्र असतो. 8 ओहमचा स्पीकर काही स्वरांना साडेसहाच्या जवळ उतरतो, तर काही स्वरांना 30 ओहमच्याही वर चढतो. त्यामुळे प्रत्यक्षातले चित्र वरच्या गणितापेक्षाही वाईट असते.

यात आपल्या भागातला उन्हाळा धरला पाहिजे. जळगाव-भुसावळकडे किंवा आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा ॲम्प्लिफायरला उष्णता सोडण्यासाठी थंड हवा म्हणून जी मिळते, तीच मुळात तापलेली असते. बऱ्याच घरांत असे यंत्र शोकेसच्या काचेआड असते आणि धूळ बसू नये म्हणून वर विणलेला रुमाल घातलेला असतो. हा रुमाल बरोबर ॲम्प्लिफायरच्या वरच्या जाळीवर येतो, आणि गरम हवा नेमकी तेथूनच बाहेर पडायची असते. आपल्याकडेही तसे असेल तर रुमाल काढावा, वर किमान चार-पाच इंच जागा मोकळी ठेवावी, आणि धुळीचा बंदोबस्त ऐकणे संपल्यावर व यंत्र निवल्यावर कापड झाकून करावा.

‘मग फक्त 4 ओहमचे डबे काढून टाकतो आणि ए व बी दोन्ही चालू ठेवतो,’ असे आपल्या मनात येईल, म्हणून तेही सांगतो. 8 आणि 6 समांतर म्हणजे सुमारे 3.4 ओहम, मर्यादेपेक्षा तेही कमीच. पट्टीवर ‘ए अधिक बी’साठी प्रत्येक जोडी किमान 8 ओहमची असावी असे जे छापले आहे, त्याचा अर्थ हाच की आतमध्ये दोन्ही जोड्या समांतर जातात आणि 8 व 8 मिळून 4 होतात. काही ॲम्प्लिफायरमध्ये ए आणि बी एकसर जोडणीत जातात, म्हणजे आपल्या बाजारात ज्याला सिरीज म्हणतात तशा. आपल्या यंत्रात काय आहे याची खात्री करून घ्यायची असेल, तर फक्त ‘ए’ला जोडी ठेवून दोन्ही बटणे दाबावीत. एकसर जोडणी असेल तर आवाज बंद पडेल, समांतर असेल तर चालू राहील. बहुधा तो चालूच राहील.

एकसर जोडणी करून प्रश्न सुटेल काय? यंत्राच्या दृष्टीने सुटेल, कारण 8 आणि 6 मिळून 14 ओहम होतात व ॲम्प्लिफायर निवांत राहतो. कानाच्या दृष्टीने मात्र ती जोडणी वाईट आहे. एकसर जोडणीत व्होल्टेज दोन्ही स्पीकरांमध्ये त्यांच्या रोधाच्या प्रमाणात वाटले जाते, आणि तो रोध स्वरागणिक बदलतो, हे वर आलेच आहे. खर्जातल्या ज्या स्वराला उंच स्पीकरचा रोध 30 ओहमवर चढतो, त्या स्वराला बहुतेक सगळे व्होल्टेज तोच खातो आणि शालकांचा स्पीकर उपाशी राहतो. वरच्या स्वरांना वाटणी वेगळी. परिणामी दोन्ही स्पीकरांचा मूळ नाद बिघडतो. अगदी एकाच बनावटीच्या, एकाच मॉडेलच्या दोन स्पीकरांखेरीज एकसर जोडणी करू नये, असे माझे मत आहे.

आता आपला मुख्य प्रश्न, म्हणजे अधिक जोड्यांनी आवाज सुधारतो काय. ॲम्प्लिफायर कितीही दणकट असता, पाहिजे तेवढा प्रवाह पुरवू शकणारा असता, तरी एकाच खोलीत एकाच माणसासाठी तीन जोड्या लावण्यास मी नकोच म्हटले असते. आपल्या पत्रातील ‘शब्द पूर्वीसारखे स्पष्ट येत नाहीत’ हे वाक्य माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि त्याचे कारण ॲम्प्लिफायरच्या तापण्यात नाही.

आपण दिलेल्या मापांवरून हिशेब मांडला. कोपऱ्यातला उंच स्पीकर आपल्या कानापासून साधारण 3 मीटर 18 सेंटिमीटर अंतरावर येतो आणि त्याच्या आतल्या बाजूचा लहान स्पीकर बरोबर 3 मीटरवर. फरक 18 सेंटिमीटरचा. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर वेगाने जातो, म्हणून 950 हर्ट्झच्या आसपासच्या स्वराची लहर 36 सेंटिमीटर लांब असते आणि 18 सेंटिमीटर म्हणजे नेमकी अर्धी लहर. एका स्पीकरची लहर वर असताना दुसऱ्याची खाली येते आणि दोन्ही एकमेकींना खातात. 1900 हर्ट्झला त्या पुन्हा एकमेकींत मिळून आवाज वाढवतात, 2850ला पुन्हा खातात, आणि हा प्रकार वरपर्यंत चालू राहतो. आलेख काढला तर तो कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. माणसाच्या बोलण्यातील व्यंजने ज्या पट्ट्यात ओळखू येतात तो पट्टा साधारण 1000 ते 4000 हर्ट्झचा आहे, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात आपण ओळीने खाचा पाडून ठेवल्या आहेत. एकाच अभंगावर दोन टाळकरी बसवावेत आणि दुसऱ्याचा टाळ प्रत्येक वेळी किंचित मागून पडावा, तसे हे होते. टाळ दोन वाजतात, पण ठेका एकाचाही धड लागत नाही.

आपण खुर्ची फूटभर उजवीकडे सरकवली, तर डाव्या बाजूची पहिली खाच 780 हर्ट्झच्या आसपास उतरते आणि उजव्या बाजूची 1170च्या जवळ चढते. म्हणजे मान हलवली तरी गायकाचा आवाज बदलतो. हे प्रत्यक्ष ऐकायचे असेल तर मोबाइलवर पिंक नॉइज नावाचा, पावसाच्या सरीसारखा एकसारखा आवाज मिळतो तो लावावा. ॲम्प्लिफायरवर ताण नको म्हणून आवाज अगदी हळू ठेवून, डबे काढून, फक्त ए व बी एक-दोन मिनिटे चालू करावेत आणि खुर्चीत बसून डोके हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यावे. सरीचा आवाज विमान जवळून गेल्यासारखा फिरताना ऐकू येईल. नंतर ‘बी’ बंद करून तेच करावे. फिरणे जवळजवळ थांबेल. प्रत्यक्ष खोलीत भिंतींचे परतीचे आवाज मिसळत असल्याने खाचा कागदावरच्याइतक्या खोल नसतात आणि दोन वेगळ्या बनावटीच्या स्पीकरांमध्ये त्या थोड्या इकडेतिकडेही पडतात, तथापि कानाला त्या नक्की कळतात.

मागच्या भिंतीवरचे डबे याहून वेगळे नाहीत. तेच गाणे, तेच शब्द, फक्त पाठीमागून आणि किंचित उशिरा येतात, त्यामुळे गायक समोर बसला आहे हा भास मोडतो. दोन स्पीकरांमधून मधोमध गायक उभा करणे ही स्टिरिओची सारी किमया आहे. ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याने इंग्लंडमध्ये ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी काम करताना 1931 साली ज्या पेटंटचा अर्ज केला, त्याचा पायाच दोन कानांना पोहोचणाऱ्या ध्वनींतील सूक्ष्म फरक हा होता. तो फरक नेमका राहावा यासाठी डावीकडे एक आणि उजवीकडे एकच उगम हवा.

मग सुरुवातीला आवाज ‘भरल्या’सारखा का वाटला, असे आपण विचाराल. तो केवळ मोठा झाला म्हणून. दुसरी जोडी लावल्याने आवाज साधारण 3 डेसिबलने वाढतो, खर्जात 6 डेसिबलपर्यंतही वाढतो, आणि थोडासा मोठा आवाज आपल्या कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. दुकानात स्पीकर विकणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. आवाज दुप्पट मोठा झाल्याचा भास होण्यासाठी मात्र सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दसपट वॉट लागतात. जोड्या वाढवून ते साधत नाही. प्रामाणिक तुलना करावयाची असेल तर मोबाइलवरील डेसिबल मोजणाऱ्या ॲपने एक जोडी आणि दोन जोड्या यांचा आवाज खुर्चीपाशी सारखा करून घ्यावा व मगच ऐकावे. मोबाइलचा आकडा स्वतंत्रपणे फारसा अचूक नसतो, परंतु दोन आवाज सारखे करण्यापुरता तो चालतो. असे केल्यावर आपण स्वतःच ‘बी’चे बटण बंद कराल, असा माझा कयास आहे.

एकावर एक जोड्या लावण्याचा एक प्रकार मात्र खरोखर चालतो, आणि त्याचा उल्लेख न केल्यास कोणी जाणकार वाचक मला पत्र लिहील. 1970च्या दशकात अमेरिकेत ॲडव्हेंट नावाच्या स्पीकरांच्या दोन जोड्या घेऊन एकावर एक रचण्याची पद्धत हौशी श्रोत्यांत होती. त्यात वरचा स्पीकर उलटा ठेवतात, जेणेकरून दोघांचे ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचे छोटे पडदे, एकमेकांना भिडतात आणि कानापासूनचे अंतर जवळजवळ सारखे राहते. त्यासाठी चारही स्पीकर एकाच मॉडेलचे लागतात. आपल्या तिन्ही जोड्या तीन जातींच्या आहेत, तेव्हा तो मार्ग आपल्यासाठी नाही.

आपल्याला हवी असलेली सुधारणा उंच स्पीकर हलवल्याने मिळेल, आणि तिला एक पैसाही लागणार नाही. खर्ज घुमण्याचे मूळ आपल्या हॉलच्या मापांत आहे. कोणत्याही खोलीत समोरासमोरच्या भिंतींमधील अंतरानुसार काही ठरावीक स्वर घुमतात. अंतराच्या दुपटीने ध्वनीच्या वेगाला भागले की पहिला स्वर मिळतो. 12 फुटांच्या रुंदीसाठी तो सुमारे 47 हर्ट्झ येतो. 22 फुटांच्या लांबीसाठी पहिला 26च्या जवळ व दुसरा 51 येतो, आणि छत 10 फुटांवर असेल तर उंचीचा 56 येतो. म्हणजे 47, 51 आणि 56 असे तीन स्वर एकाच ठिकाणी गर्दी करून बसले आहेत. कोपरा ही अशी जागा आहे जेथून हे तिन्ही स्वर एकदम आणि सर्वाधिक जोराने जागे होतात. तबल्याच्या डग्ग्याचा प्रत्येक आघात एकाच सुरात ‘घूं’ असा येतो तो यामुळेच. तीन जोड्यांनी तो अधिकच फुगवला.

स्पीकर कोपऱ्यांतून बाहेर काढावेत. त्यांच्या मागच्या भिंतीपासून दोन फूट आणि बाजूच्या भिंतीपासून सव्वादोन ते अडीच फूट सोडले, तर दोन स्पीकरांमध्ये सुमारे सात फूट अंतर राहील. खुर्चीही प्रत्येक स्पीकरपासून सात ते आठ फुटांवर आणावी, म्हणजे साधारण समभुज त्रिकोण होईल. दोन्ही अंतरे टेपने मोजावीत; नजरेच्या अंदाजावर येथे विसंबू नये, कारण चार बोटांचा फरकही गायकाला एका बाजूला ओढतो. स्पीकरांची तोंडे किंचित आत, आपल्या खांद्यांच्या रोखाने वळवावीत. मग एखादे जुने नाट्यगीत लावावे. त्या काळच्या ध्वनिमुद्रिका मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून अगदी तोच आवाज येतो, आणि म्हणून गायकाचा स्वर दोन स्पीकरांच्या बरोबर मध्यभागी, जेथे काहीही ठेवलेले नाही अशा जागेतून आला पाहिजे. तो पसरट किंवा दोन तुकड्यांत येत असेल, तर एका स्पीकरची तांबडी-काळी वायर उलटी लागली आहे असे समजावे. शंका राहिल्यास स्पीकरच्या वायरी ॲम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावून पाहावा. सेलचे धन टोक तांबड्या टर्मिनलला असताना दोन्ही बाजूंच्या वूफरचे, म्हणजे खर्जाचे मोठे, पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत, आणि बहुतेक स्पीकरांत ते बाहेरच्या दिशेने हलतात.

शब्दांच्या अस्पष्टतेचा उरलेला भाग फरशी आणि भिंती यांचा आहे. आपल्याकडच्या हॉलमध्ये शहाबादी किंवा कोटा फरशी, सिमेंटचा गिलावा आणि काचेची शोकेस असते, आणि या सर्व गोष्टी आवाज परत फेकतात. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामधल्या फरशीवर जाड सतरंजी आणि तिच्याखाली एक जुनी गोधडी अंथरावी, खिडक्यांना जाड पडदे असावेत, आणि पुस्तकांचे उघडे कपाट असेल तर ते खुर्चीच्या मागच्या बाजूस न्यावे. हॉलच्या मधोमध टाळी वाजवून पाहिल्यास आधी आणि नंतरचा फरक लगेच कळतो. खर्जाला मात्र सतरंजीने काही होत नाही. त्यासाठी स्पीकर हलवणे हाच उपाय.

आता शालकांच्या जोडीकडे येतो. तिची जागा स्वयंपाकघरात आहे. तेथे नुसते घुमणे पोहोचते याचे कारण असे की विटांची भिंत वरचे स्वर अडवते आणि खर्ज बऱ्याच प्रमाणात पलीकडे जाऊ देते. हॉलमध्ये आवाज कितीही वाढवला तरी पलीकडे शब्द जाणार नाहीत, घुमणे तेवढे वाढेल. तेव्हा घरातली तक्रार पूर्णपणे रास्त आहे आणि तिच्यावर उपाय म्हणजे तेथे स्वतंत्र स्पीकर. जोडी शेगडीपासून दूर, फोडणीची वाफ आणि तेल लागणार नाही अशा फळीवर ठेवावी व ‘बी’ला जोडावी.

हॉलमध्ये कोणी ऐकत नसताना केवळ ‘बी’ चालवला, तर 6 ओहम पट्टीवरच्या मर्यादेत बसतात आणि काहीच करावे लागत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी हवे असेल तर एक स्वस्त युक्ती आहे. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक स्पीकरच्या तांबड्या वायरीत 3.3 ओहम, 10 वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर एकसर जोडावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात पांढऱ्या सिमेंटच्या कांडीच्या रूपात तो किरकोळ किमतीला मिळतो. आता ती जोडी ॲम्प्लिफायरला 9.3 ओहमची भासेल, 8 ओहमच्या उंच स्पीकरांबरोबर समांतर मिळून 4.3 ओहम होतील, आणि ‘ए अधिक बी’ची अट पाळली जाईल. स्वयंपाकघरातला आवाज सुमारे 4 डेसिबलने उतरेल व नादात थोडा फरक पडेल, परंतु तेथे कोणी त्रिकोण मोजून ऐकायला बसत नाही. रेझिस्टर तापतो, म्हणून तो प्लॅस्टिकला किंवा लाकडाला चिकटवू नये, हवेत मोकळा राहील असा बसवावा.

वायरीबद्दल थोडक्यात. ॲम्प्लिफायरपासून भिंतीपलीकडे 6 मीटर धरले, तर जाऊन-येऊन 12 मीटर तांबे होते. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या बारीक वायरीत तेवढ्यावर 0.4 ओहम जातात, जे 6 ओहमच्या स्पीकरसाठी जास्त आहे; एक स्क्वेअर एमएमची घेतल्यास 0.2 ओहम, जे चालते. त्याहून महागडी वायर घेण्याचा आग्रह कोणी धरला तर ऐकून घ्यावे आणि एक स्क्वेअर एमएमचीच आणावी.

ब्लूटूथ स्पीकर स्वयंपाकघरात ठेवण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. एकट्या स्वयंपाकघरासाठी तो वाईट नाही. परंतु साध्या ब्लूटूथमध्ये आवाज दीडशे ते दोनशे मिलिसेकंद उशिरा निघतो. एकच आवाज दोन ठिकाणांहून साधारण 30 मिलिसेकंदांच्या आत आला तर मेंदू त्याला एकच मानतो, हे हेल्मुट हास यांनी 1949 साली गटिंगेन येथील आपल्या प्रबंधात दाखवून दिले होते. त्यापलीकडे गेल्यास प्रतिध्वनी ऐकू येऊ लागतो. दोन्ही खोल्यांचे दार उघडे असताना प्रत्येक ओळ दोनदा म्हटल्यासारखी वाटेल आणि आपल्याकडे नवी तक्रार येईल.

राहिले 4 ओहमचे डबे. त्यांच्यासाठी एक जुनी आणि मला स्वतःला आवडणारी जोडणी आहे. अमेरिकेतल्या डायनॅको कंपनीचे डेव्हिड हाफलर यांनी 1970च्या सुमारास ती लोकप्रिय केली. दोन्ही डबे आणि 10 ओहम, 10 वॉटचा एक रेझिस्टर अशी एकसर साखळी करावी. तिचे एक टोक ‘ए’च्या डाव्या तांबड्या टर्मिनलला व दुसरे उजव्या तांबड्या टर्मिनलला लावावे. या साखळीतले काहीही काळ्या टर्मिनलला लावू नये. डाव्या व उजव्या चॅनेलमध्ये जे समान आहे ते या साखळीतून वाहतच नाही, म्हणून मधोमध उभा असलेला गायक मागे ऐकू येत नाही. वाहतो तो फक्त दोन्हींतला फरक, म्हणजे मैफलीच्या ध्वनिमुद्रणातील टाळ्या, सभागृहाचा घुमार, वाद्यांच्या कडा. गायक समोरच राहतो आणि खोली मात्र मोठी झाल्यासारखी वाटते. रेझिस्टर धरून साखळी 18 ओहमची होते, त्यामुळे अगदी वाईट परिस्थितीतही ॲम्प्लिफायरला 4.2 ओहमच्या खाली उतरावे लागत नाही, आणि एवढ्या रोधापुढे बारीक वायरही चालून जाते.

यात तीन गोष्टी पाळाव्यात. आपली मोनो नाट्यगीते आणि मोनो मुद्रित झालेली जुनी अहिराणी गाणी लावल्यावर डब्यांतून जवळजवळ काहीच येणार नाही, ते बिघडले असे समजू नये. दुसरे, स्वयंपाकघराची जोडी आणि ही साखळी एकाच वेळी चालवू नये, कारण दोन्ही मिळून भार पुन्हा 3 ओहमच्या खाली जाऊ शकतो. साखळीत एक साधा स्विच टाकून ठेवावा. तिसरे, ही जोडणी ज्या ॲम्प्लिफायरची दोन्ही काळी टर्मिनले आतून एकत्र, अर्थिंगला जोडलेली असतात त्यावरच करावी. जुन्या यंत्रांत बहुधा तसे असते, आजच्या लहान डिजिटल ॲम्प्लिफायरमध्ये बऱ्याचदा नसते. यंत्र बंद करून, सर्व वायरी काढून, दोन काळ्या टर्मिनलांवर मल्टिमीटर लावावा. जवळजवळ शून्य ओहम दाखवले नाही तर हा बेत सोडून द्यावा.

मंडळाच्या कॉलम स्पीकरांबद्दल नाही असेच उत्तर आहे. सार्वजनिक सभांच्या कॉलममध्ये बहुधा 100 व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि ते त्याच प्रकारच्या ॲम्प्लिफायरसाठी बनवलेले असतात. घरगुती यंत्रावर लावल्यास आवाज क्षीण येतो, आणि ट्रान्सफॉर्मर काढलेले असतील तर ओहमचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. उन्हाळ्यात रात्री ओट्यावर बाज टाकून गाणी ऐकण्याचे सुख मलाही ठाऊक आहे, परंतु त्यासाठी हॉलचे दार उघडे ठेवावे. गल्लीतल्या सर्वांनाच त्या वेळी अभंग हवा असतो असे नाही.

एक शेवटची तपासणी. हे सर्व करण्यापूर्वी फक्त ‘ए’वर उंच स्पीकर ठेवून दोन दिवस नेहमीच्या आवाजात ऐकावे. यंत्र बंद पडले नाही, तर पुढच्या जोडण्या निर्धास्तपणे कराव्यात. एकाच जोडीवरही ते बंद पडले, तर सतत जास्त भार सोसून आतले काही बिघडलेले असू शकते. अशा वेळी स्पीकर सोडवून, यंत्र चालू करून, आवाजाची खुंटी शून्यावर ठेवून प्रत्येक चॅनेलच्या तांबड्या-काळ्या टर्मिनलवर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावावा. 50 मिलिव्होल्टच्या आत आकडा असल्यास ठीक आहे. 100च्या वर असल्यास स्पीकर पुन्हा जोडू नयेत, यंत्र दुरुस्तीस द्यावे, आणि देताना मागच्या बाजूचा फ्यूज मूळ अँपिअरचाच परत बसवावा असे चिठ्ठीवर लिहून द्यावे.